डावीकडून दुसरं

हात आपोआप वर गेले. तळवे उघडले, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरले, आणि तोंडातून तथास्तु म्हणावं तसं ‘ओमीन’ निघून गेल्यावर मग सायरागुलच्या ध्यानात आलं की आपण कशाला ओमीन म्हटलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे हात तोवर खाली आले होते. असानकुल-बाइके, कंपनीचे मालक आणि त्या टेबलावरचे सगळ्यांत वडील, चहाची वाटी बाजूला सारून उठत होते. जेवण संपलं की वडीलधाऱ्याने आशीर्वाद द्यायचा, बाकीच्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे, आणि मग त्या जेवणावरचा विषय मिटला. पुढे कोणी घास घेत नाही की शब्द काढत नाही. दर शुक्रवारी ऑफिसात पुलाव मागवला जातो तेव्हा असंच होतं. आज बाइके आशीर्वादाच्या भरात सगळ्यांना आरोग्य मागता मागता, पोरांना अक्कल मागता मागता, त्याच सुरात म्हणून गेले होते की अतायने केलेली नवी पट्टी प्रत्येक शिलाईखान्यात भरभराट आणो आणि वरचा जुना शब्दांचा पसारा सुखाने निवृत्त होवो. आणि तो पसारा जिने मांडला, अठरा वर्षं झाडूनपुसून ठेवला, ती बाई सगळ्यांबरोबर ओमीन म्हणून मोकळी झाली.

ती खुर्चीतच बसून राहिली. आपले हात मांडीवर पालथे पडलेले तिला दिसत होते आणि त्यांचा तिला राग येत होता. बोलायचं म्हणून ती दोन महिने तयारी करत होती. भांडण साधं होतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसेल असं. त्यांचा प्रोग्राम कपडे बेतायचा. पाठ, पुढा, बाही, गळा असे भाग स्क्रीनवर आखायचे, कापडावर बसवून बघायचे. बिश्केकच्या निम्म्या शिलाईखान्यांत तो चालतो. त्याच्या डोक्यावर शब्दांची एक ओळ होती. शब्दावर क्लिक केलं की खाली आणखी शब्द उलगडायचे, सगळे किरगीझ, सगळे सायरागुलने एकेक करून बसवलेले. ऑफिसातल्या तरुण अतायला ती ओळ नको होती. त्याला चित्रांची पट्टी हवी होती, आणि उरलंसुरलं सगळं कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या मागे. वादात धाकट्यांनी आधी बोलायचं आणि मोठ्यांनी मागून, ही ऑफिसची रीत. मालकांच्या खालोखाल वय तिचं. म्हणून ती थांबली. अताय बोलला, इतर बोलले, पुलाव आला, चहा आला, ती थांबलीच होती, आणि बाइक्यांना वाटलं की सायरा गप्प आहे म्हणजे तिला पसंत आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती चहाच्या वाट्या गोळा करायला लागली, जे खरं तर तिचं काम नव्हतं.

मोरीपाशी अतायने तिच्या हातातून वाट्या घेतल्या. पोरगा वाईट नव्हता. सत्तावीस वर्षांचा, इस्तंबूलला शिकून आलेला, आईला दर महिन्याला पिठाचं पोतं आणि कोळसा पोचवणारा. त्याने वाईट असायला हवं होतं असं तिला त्या वेळी फार वाटलं.

‘एजे,’ तो ताई म्हणावं तसं म्हणाला, ‘रागावलात का?’

‘रागावून काय करू. ओमीन म्हटलं ना मी.’

‘तुम्ही काही म्हणाल असं वाटलं होतं मला. मी उत्तरंपण तयार ठेवली होती,’ तो वाटी विसळत म्हणाला. मग जरा हसून, ‘खरं सांगू का, तुमचा मेन्यू म्हणजे लग्नातली भाषणं. एकेक शब्द चांगला असतो, पण लोक मटण कधी येतंय ते बघत असतात.’

यावर तिने काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं. तिने फक्त एवढंच म्हटलं की वाटीच्या बुडाला चहा राहिलाय, नीट घास. मग कोट घालून ती बाहेर पडली.

रस्त्यावर कोळशाचा धूर खाली बसला होता. नोव्हेंबरात दुपारी चारलाच तो घरांवर उतरतो, डोंगर दिसेनासे होतात, आणि जिभेवर जळकी चव येते. मिनीबसमध्ये तिला मागची जागा मिळाली. खिडकी घामेजली होती. जे बोलायचं राहून गेलं ते आता सगळं भराभर सुचत होतं, एकाहून एक पक्कं, आणि ऐकायला समोर फक्त एका म्हाताऱ्याची फरची टोपी होती. चित्राला भाषा नसते म्हणतोस काय? मग ती फ्लॉपीची चौकोनी चकती कसली रे? ती बघून कुठल्या पोरीला कळणार की इथे काम साठवायचं? तसली चकती या पोरींनी जन्मात पाहिलेली नाही. आणि कात्री? बेतणाऱ्या बाईला कात्री दाखवायची आणि सांगायचं की ही दाबलीस तर कापड कापलं जाणार नाही, बाही गायब होईल? मागच्या वर्षी चाचणीत एका बाईने कात्री दाबली, बाही नाहीशी झाली, आणि ती बिचारी टेबलाखाली वाकून बघायला लागली. सगळे हसले होते. अतायही हसला होता, आणि त्याने कात्रीच्या जागी दुसरी, जरा गोलसर कात्री काढली. ह्याला म्हणतात सुधारणा. सायरागुलने हातमोज्याने काच पुसली. बाहेर ओश बाजाराचा थांबा येऊन गेला, आणि आपला थांबा मागेच राहून गेला हे तिला त्यावरून कळलं.

उलट दिशेने चालताना तिला सासूबाई आठवल्या. गेली दोन वर्षं त्या नाहीत, तरी चिडल्यावर आधी त्याच आठवायच्या. कोचकोरला ती सून म्हणून गेली तेव्हा पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि डोक्यात गणितं होती. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की सासऱ्याचं नाव तेमिरबेक, म्हणून तेमिर हा शब्द तिच्या तोंडून निघता कामा नये. आणि तेमिर म्हणजे लोखंड. चुलीचा चिमटा, दाराची कडी, कढई, खिळा, कशालाही लोखंडाचं म्हणायचं नाही. ती ‘ते जड’ म्हणायची, ‘ते काळं’ म्हणायची. मोठ्या दिराचं नाव बुलाक, म्हणजे झरा. मग पाणी आणायला जाताना ‘त्या वाहत्यावर जाते’ म्हणायचं. जावा हसायच्या नाहीत, त्याही तसंच बोलायच्या. एका वर्षात तिच्या तोंडातून शब्द एकेक करून काढून घेतले गेले आणि कोणी मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत, सगळं प्रेमाने आणि पद्धतशीर झालं. जेवणाच्या चादरीवर तिची जागा दाराशी, समोवारजवळ, म्हणजे चहाच्या बंबापाशी. ती ओतायची, वाट्या पुढे करायची, आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी हात फिरवायची, कारण तोच एक प्रसंग होता जेव्हा सुनेलाही सगळ्यांच्या बरोबरीने मोठ्याने काही म्हणता यायचं.

आणि त्याच घरात तिला तो शब्द सापडला होता. सासूबाई नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गोधडी शिवायच्या. लाल नमदा पांढऱ्यात बसवायचा, काठाला दोरा. सायरागुलचा टाका वाकडा जायचा. सासूबाई वर न बघता म्हणायच्या, ‘सॉग’. उसव. रागाने नाही. ‘सॉग आणि परत घाल.’ त्या घरात तिला दिवसभर काय काय करू नको हे सांगितलं जायचं, पण केलेलं चुकलं तर ते परत उलगडता येतं, त्यात काही आभाळ कोसळत नाही, हे तिला फक्त त्या एका शब्दाने सांगितलं. पुढे शहरात येऊन नोकरी लागली, असानकुल-बाइक्यांनी प्रोग्राम करायला घेतला, तेव्हा मेन्यूतले शब्द रशियन होते. चुकलेलं मागे घ्यायचं असेल तर तिथे ‘रद्द करा’ असं लिहिलेलं. सरकारी कचेरीत शिक्का मारतात तसं. तिने तिथे ‘सॉग्यू’ लिहिलं. उसवणं. भाग एकमेकांना तात्पुरते जोडायचे तिथे कच्चा टाका घालण्याचा शब्द लिहिला. बाइके तेव्हा पन्नाशीच्या आत होते, डोक्यावर केस होते. ते म्हणाले लोक हसतील, संगणकात शेतकरणींची भाषा कोण लिहितं. ती महिनाभर भांडली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाशी तोंड वर करून भांडली. आणि एक दिवस ते कंटाळून म्हणाले, बरं बाई, उसव. त्या दिवशी घरी जाताना ती मिनीबसमध्ये एकटीच हसत होती हे तिला अजून आठवत होतं.

म्हणजे प्रश्न पट्टीचा नव्हताच. अताय म्हणायचा, एजे, शब्द कुठे जात नाहीत, माउस चित्रावर टेकवून ठेवला की खाली उगवतील. उगवतील. टेकवून ठेवायला वेळ कुणाला आहे? सोमवारी नवी आवृत्ती शिलाईखान्यांत गेली की तिचे शब्द पुन्हा दाराशी, समोवारजवळ जाऊन बसणार होते. कोणी वळून बघितलं तर दिसतील असे. हे तिला सहन होत नव्हतं, आणि सहन होत नाही हे सांगायची जागा तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला की आशीर्वाद झाल्यावर परत बोलणं म्हणजे उलटी केलेली वाटी पुन्हा भरून मागणं, तुझं हसं होईल. माणूस चुकीचं बोलत नव्हता. चुकीचं न बोलणाऱ्या माणसांचा तिला त्या आठवड्यात वीट आला होता.

शनिवारी सकाळी बाइक्यांचाच फोन आला. दोर्दोईच्या रस्त्यावरच्या नव्या वस्तीत तुर्सुनायचा शिलाईखाना आहे, तिथे जाऊन नवी पट्टी दाखवून ये, बायका तुझं ऐकतात. सायरागुल हो म्हणाली, आणि फोन ठेवताना तिच्या डोक्यात एकदम उजाडलं. आशीर्वादावर मला बोलता येत नाही ना? ठीक आहे. त्या बोलतील. तुर्सुनाय म्हणेल की आम्हाला आमचे शब्द हवेत, चित्रं नकोत. मी फक्त निरोप पोचवीन. सुनेने असंच करायचं असतं, आपलं दुसऱ्याच्या तोंडून वदवायचं. यातली लबाडी तिला कळत होती आणि तरी चालताना तिचे पाय हलके पडत होते. वाटेत तिने तंदूरवाल्याकडून मटण भरलेले गरम सामसे बांधून घेतले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

शिलाईखाना तळघरात होता. दहाबारा मशिनी एकदम चालल्या की तिथे बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळे बायका एकमेकींकडे बघून खुणांनीच बोलत. हवेत लोकरीचा भुसा. तुर्सुनाय कोपऱ्यात संगणकापाशी बसली होती. तिशीची, ओशकडची, कानामागे पेन्सिल, डाव्या हातात चहाची वाटी. कीबोर्ड भुसा जाऊ नये म्हणून कापडाखाली झाकलेला, सगळं काम उजव्या हातातल्या माउसवर. सामशांची पिशवी बघून तिने हसून बाजूचं स्टूल पायाने ओढून दिलं. शिवायला बायकांचे कोट होते, मॉस्कोची मागणी, मंगळवारी माल जायचा होता.

सायरागुलने लगेच पट्टी काढली नाही. ती बघत बसली. तिला बघायला आवडायचं, पण गेल्या कित्येक वर्षांत तिने असं बसून बघितलं नव्हतं. तुर्सुनायने कॉलर फिरवली, चुकली, माउस वर गेला, खाली आला, कॉलर पूर्ववत. परत फिरवली. खांदा लांबवला, नको वाटला, वर, खाली, खांदा जागेवर. ती स्क्रीनच्या मधोमध बघत होती. मध्येच पलीकडच्या बाईला भुवईने विचारत होती की काजं झाली का. हात मात्र जात होता आणि येत होता. त्या जाण्यायेण्यात इतकी सहजता होती की सायरागुलने स्टूल आणखी जवळ ओढलं. हे मी केलेलं आहे, असं तिला वाटलं. उसव, परत घाल. कोचकोरची ती शिवण इथे तळघरात चालू आहे.

मशिनी जरा थांबल्यावर तिने विचारलं, ‘तुर्सुनाय, चुकलं की तू काय दाबतेस ग?’

‘ते? डावीकडून दुसरं, आणि त्याच्यात वरचं पहिलं.’

‘तसं नाही. काय लिहिलंय तिथे?’

तुर्सुनायने पहिल्यांदा वर बघितलं. डोळे बारीक केले. ओठ हलले. ‘सॉ-ग्यू,’ ती म्हणाली, आणि हसली. ‘अगबाई, उसव लिहिलंय होय. अक्षरं तीच ना, मला वाटायचं रशियनच काहीतरी आहे.’

‘किती वर्षं वापरतेस?’

‘अकरा झाली की. पहिल्या मालकिणीने हात धरून दाखवलं होतं, इथे जा, इथे दाब. मीही पोरींना तसंच दाखवते.’ मग तिला वाटलं की आपलं काही चुकलं. ‘का हो एजे, वाचायला हवं होतं का?’

‘नाही,’ सायरागुल म्हणाली. ‘नाही ग. कर तू तुझं.’

तुर्सुनाय परत कॉलरकडे वळली. पण आता काहीतरी बिघडलं होतं. कॉलर चुकली, माउस वर गेला, आणि या वेळी तिची नजरही त्याच्याबरोबर वर गेली. ओळीतले शब्द ती एकेक वाचायला लागली. हात अडखळला, शेजारच्यावर पडला, भलतीच यादी उघडली; ती बंद करायला गेली तर दोन भाग एकमेकांना टाचले गेले. तिने जिभेने चक् केलं. परत केलं, परत चुकलं. पलीकडची बाई काय झालं म्हणून बघायला लागली.

‘एजे, रागावू नका,’ तुर्सुनाय शेवटी म्हणाली, ‘पण वाचायला लागलं की हाताला सुचत नाही.’

सायरागुल स्टुलावरून उठली. सामसे थंड होतील, खाऊन घ्या, असं काहीतरी म्हणून ती पायऱ्या चढून बाहेर आली. अंगणात कोणीतरी कोट वाळत घातले होते आणि त्यांच्यावर कोळशाची बारीक काजळी बसत होती. तिला खूप राग येईल असं वाटलं होतं. अतायचा, त्या लग्नातल्या भाषणांचा, अकरा वर्षं मान वर न केलेल्या या बाईचा. राग आला, पण तो कोणावर टाकायचा ते सापडेना. अकरा वर्षं तो शब्द तिच्या डोळ्यांसमोर होता. तिच्या म्हणजे तुर्सुनायच्या, आणि आणखी किती जणींच्या. दिवसातून शंभर वेळा त्याच्यावर हात पडत होता आणि एकदाही कोणी तो मनात म्हटला नव्हता. आणि तरीही तो तिथून हलवला तर आत बसलेल्या बाईचा हात हवेत राहणार होता, मंगळवारचा माल अडकणार होता, हे तिने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. मेन्यू वाचवायला याहून पक्कं कारण नव्हतं; ते अतायच्या सगळ्या उत्तरांना पुरून उरलं असतं. ते सांगायचं तर एकच गोष्ट कबूल करावी लागणार होती, की तिचे शब्द कोणी वाचत नाही. तिला वाटलं, सांगूच नये. पट्टी दाखवली, बायका खूश आहेत, म्हणावं आणि घरी जावं. चित्रांच्या मागे का होईना, शब्द कोणीतरी वाचत होतं असं तिला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. आत मशिनी पुन्हा सुरू झाल्या. तुर्सुनायची मशीन त्यांत नव्हती. तिच्या माउसचा आवाज बाहेर येण्याइतका मोठा नव्हता. सायरागुलने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन लावला.

बाइके घरीच होते, मागे नातवंडांचा गलका होता. ती म्हणाली की शुक्रवारी मी ओमीन म्हटलं ते सवयीने, माझं मत तसं नव्हतं आणि नाही. पलीकडे गलका लांब गेला, बहुधा ते दुसऱ्या खोलीत आले. आशीर्वाद झाल्यावर बोलतेयस सायरा, असं ते म्हणाले, तंबी दिल्यासारखं नाही, आठवण करून दिल्यासारखं. हो, म्हणाली ती, बोलतेय. आणि जे पाहिलं ते तिने सगळं सांगितलं, काही न वगळता.

‘म्हणजे वाचत नाहीत त्या?’

‘नाही.’

‘एकही शब्द?’

‘एकही नाही, बाइके. जागा पाठ आहे त्यांना. ती हलली तर त्या चुकणार, माल अडणार, आणि शिव्या आपल्याला बसणार. म्हणून मेन्यू काढू नका. अतायची पट्टी हवी तर खाली लावा, वरचं आहे तसं असू दे.’

ते खाकरले. ‘बरं. नाही काढत. अतायला मी सांगतो, माझंच चुकलं म्हणून.’ तिने हुश्श केलं नाही. त्यांना अजून काही विचारायचं आहे हे तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. ‘पण सायरा,’ ते म्हणाले, आणि आवाज एकदम जुना झाला, महिनाभर भांडणं ऐकून घेतलेल्या माणसाचा, ‘कोणी वाचतच नाही, तर मग ते शब्द तरी कशाला ठेवायचे?’

तळघराच्या खिडकीतून आतला कोपरा दिसत होता. तुर्सुनाय पुन्हा स्क्रीनच्या मधोमध बघत होती. हात वर जात होता, खाली येत होता.

‘जागा राखायला,’ सायरागुल म्हणाली.